दोनाचं अक्षर

गाद्यांच्या दुकानाच्या पाटीवरचं शेवटचं अक्षर निखळून एका माणसाच्या हातावर पडलं, तेव्हा मी आधी अक्षर पाहिलं. माणूस नंतर पाहिला. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढे पुढे मला स्वतःला फार चांगलं म्हणवून घ्यायचा मोह होईल. सकाळची वेळ, रस्ता नेहमीसारखा वाहता, आणि मी समोरच्या फुटपाथवर कागदी कपातला चहा घेऊन माझी पाटी बघत उभी होते. माझी म्हणजे दुकान माझं नव्हे, अक्षरं माझी. ठळक, चिंचोळी, प्रत्येक दांड्याच्या टोकाला धारदार पाय असलेली. फॉन्ट तयार करणाऱ्या आमच्या ऑफिसातले लोक त्या पायांना सेरिफ म्हणतात, मी लहानपणापासून पायच म्हणते. कित्येक वर्षं मी ती काढत होते, पुसत होते, पुन्हा काढत होते. बारीक मजकुरासाठी नव्हेतच ती. लांबून वाचायच्या मोठ्या गोष्टींसाठी आहेत, मथळे, भिंती, पाट्या यांच्यासाठी. आणि आता पहिल्यांदाच ती कागदावरून उठून, धातूची होऊन भिंतीवर चढली होती. दुकानाचं तोंड अरुंद आणि दुकानदाराला नाव हवं होतं लांबलचक, तेव्हा दुसरी कुठली अक्षरं तिथे मावलीच नसती. मी खूश होते. इतकी, की बस सोडून मुद्दाम वाट वाकडी करून आले होते. कप तोंडाला लावला आणि शेवटचं अक्षर किंचित पुढे झुकलं. खाली कोण आलंय ते बघायला एखादा माणूस खिडकीतून वाकतो ना, तसं. मग ते सुटलं.

खाली एक कुरिअरवाला स्कूटरच्या सीटवर एक हात टेकून दुसऱ्या हातातल्या फोनवर कोणाशी तरी पत्त्यावरून हुज्जत घालत होता. अक्षर पायांवर आलं. मांजर पडतं तसं पायांवर, पण मांजराला वजन नसतं. सीटचं रेक्झिन उभं फाटलं, आतला पिवळा फोम बाहेर आला, स्कूटर आडवी झाली आणि अक्षर फुटपाथवर घसरत येऊन उताणं पडलं. त्याच्या पोटातली ती मोकळी फट, जिच्यापायी मी रात्ररात्र डोळे फोडून घेतले होते, त्या फटीतून आता फुटपाथची फरशी दिसत होती. ‘पोट बरोबर उतरलंय,’ माझ्या मनात आलं. असंच, पूर्ण वाक्य. एवढ्या मोठ्या आकारात पोट घुसमटेल अशी मला धास्ती होती, ती निघाली. मग त्या फटीत एका कडेने लाल शिरू लागलं, आणि तेव्हा मी मान वर केली.

तो ओरडत नव्हता. तेच जास्त वाईट होतं. फुटपाथवर पडल्या पडल्या हात चेहऱ्यासमोर धरून तो बघत होता आणि अगदी समजुतीच्या आवाजात लोकांना म्हणत होता, “माझी बोटं बघा हो जरा. इथेच कुठेतरी असतील.” फोन जमिनीवर पडला होता, त्यातून कोणीतरी “हॅलो, हॅलो” करत होतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. एक माणूस खरंच गुडघ्यांवर बसून स्कूटरखाली हात घालून शोधू लागला. दुकानातली विक्रेती मुलगी धावत एक उशी घेऊन आली, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतली, किमतीची चिठ्ठी लावलेली, आणि तिने ती त्याच्या डोक्याखाली सरकवली. रक्ताचे थेंब त्या प्लॅस्टिकवर पडून घरंगळत होते, आत काही जात नव्हतं. दोघांनी मिळून अक्षर बाजूला करायचा प्रयत्न केला आणि त्यातला एक म्हणाला, “आई गं, केवढं जड आहे हे!” दुसरा म्हणाला, “कोणी बनवलंय हे असलं सुरीसारखं?” मी रस्ता ओलांडून आले होते, त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. ब्र काढला नाही.

त्याला गाडीत घालून नेलं, विक्रेत्या मुलीने रुमालात गुंडाळलेलं काहीतरी त्याच्या मांडीवर ठेवलं, गाडी गेली. दुकानदाराने शटर अर्धं ओढलं आणि दारात एक खुर्ची आडवी टाकली, म्हणजे लोकांनी वळसा घालावा. लोक कुठले वळसा घालतायत. खुर्ची बघायचे, रक्त बघायचे, आणि बरोबर अक्षरांखाली उभे राहून एकमेकांना विचारायचे की इथे काय झालं. मी वर पाहिलं. बाकीची सगळी अक्षरं जागच्या जागी होती, ऐटीत, खांद्याला खांदा लावून. भिंतीत शेवटच्या अक्षराच्या जागी दोन भोकं दिसत होती. एक वर, एक खाली. दोनच. तेव्हा मला कळलं.

आमच्या वर्कशॉपात अक्षरांच्या दोनच जाती. दोनाचं आणि चाराचं. वितीच्या आत मावलं तर दोनाचं, वितीबाहेर गेलं तर चाराचं. म्हणजे पाठीमागे तितक्या पिना, भिंतीत तितकी भोकं. हा कायदा बाबांचा, लाकडी अक्षरांच्या काळातला. तेव्हा सगळी एकाच जाडीच्या फळीतून कापायची, त्यामुळे अरुंद म्हणजे हलकं, रुंद म्हणजे जड, हिशोब संपला. पुढे लाकूड जाऊन पत्रा आला, पोकळ डबे आले, तरी कायदा चालून गेला, कारण तीही अक्षरं हलकीच. दादा अजूनही हाताची वीत पसरून अक्षरावर ठेवतो आणि न बघता सांगतो, दोनाचं, चाराचं. माझं अक्षर वितीत मावत होतं. पण माझ्या अक्षरात जागा कुठे असते? दांडा इतका जाड, की मध्ये पोटाला नुसती फट. जवळजवळ सगळं भरीवच. त्यात दादाला मीच सांगितलं होतं की पोकळ डबे नकोत, जाड प्लेटमधून काप, म्हणजे कडेची सावली नीट पडेल. वितीच्या आतलं ते अक्षर एका चाराच्या अक्षराला उचलून आपटेल इतकं जड होतं. आणि त्या वर्कशॉपात मी लहानाची मोठी झाले, दोनाचं-चाराचं ऐकत झोपले, तरी एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. सावली मात्र आली.

मी दादाला फोन केला.

“दादा, अक्षर पडलं. गाद्यावाल्याचं. शेवटचं.”

मागे मशिनचा आवाज होता, तो थांबला. “कोणाला लागलं?”

“लागलं. एका माणसाची दोन बोटं तुटली.”

मग तो म्हणाला, “दोनाचं होतं ते.”

“माहितीये. पण जड आहे दादा, भरीव आहे. बाकीचीही तशीच आहेत. उतरवायला हवीत, आत्ता. लोक खालून जातायत.”

“संध्याकाळी बघतो.”

“संध्याकाळी? अरे, इथे कोणी मरेल तोपर्यंत!”

“अगं,” त्याने आवाज खाली आणला, “शिडी बाबांच्या मागे आहे.”

परक्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल. पन्नाशी उलटलेला माणूस, मिशी पांढरी, गुडघे दुखतात, हाताखाली कामगार, आणि त्याला शिडी काढता येत नाही कारण ती वडिलांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर टांगलेली आहे आणि ती काढायची म्हणजे वडील विचारणार, कशाला. मी हसले नाही. मला तो “कशाला” ऐकू आला. दुकानदाराला म्हटलं, कोणाला खाली उभं राहू देऊ नका, माझा भाऊ येतोय. तो म्हणाला, तुम्ही कोण? मी म्हटलं, मी त्याची बहीण. तेवढंच म्हटलं आणि बस पकडली.

बसमध्ये खिडकीशी बसले आणि बोटं मिटून मांडीखाली घेतली. बाहेर पाट्याच पाट्या. पाट्या रंगवणाऱ्याच्या मुलीला शहरात पाट्यांशिवाय दुसरं काही दिसत नाही. बाबा पाट्या रंगवायचे. हात असा, की ब्रश एकदा टेकला की रेघ संपेपर्यंत उठायचा नाही. पाटीवर हात टेकता येत नाही, रंग ओला असतो, म्हणून डाव्या हातात एक काठी धरायची, तिचं टोक पाटीच्या कडेला टेकवायचं आणि उजवं मनगट तिच्यावर ठेवून काम करायचं. पाटीला ओरखडा पडू नये म्हणून त्या टोकाला चिंध्यांचा गोळा बांधलेला असतो. दादाला मारताना बाबा काठी उलटी धरायचे. गोळा मुठीत आणि लाकूड मोकळं.

दादाची जागा संपायची. त्याचा गुन्हा एवढाच. पहिलं अक्षर तो ऐसपैस काढायचा, हसऱ्या चेहऱ्याचं, दुसरंही तसंच, आणि निम्मी पाटी ओलांडली की त्याच्या लक्षात यायचं की उरलेल्या अक्षरांना जागा नाही. मग ती एकमेकांच्या अंगावर चढायची, शेवटचं तर कडेला चेंगरून जायचं. बाबांना हे पहिल्या दोन अक्षरांतच दिसायचं. पण ते थांबवायचे नाहीत. मागे खुर्ची टाकून बसायचे, काठी मांडीवर, आणि त्याला पूर्ण पाटी रंगवू द्यायचे. दादालाही कळायचं की बाबांना कळलंय. उरलेली सगळी अक्षरं तो ते माहीत असताना काढायचा. ओली, चकचकीत, थरथरती अक्षरं. शेवटच्याचा शेवटचा पाय काढून झाला की बाबा म्हणायचे, “वळ.” दादा वळायचा. पाठ करून उभा राहायचा, हात अंगाला चिकटवून, पोट आत ओढून, पाय घट्ट रोवून, कारण पाय हलला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. काठी बसली की म्हणायचं, “चुकलो.” “काय चुकलं?” “जागा संपली.” स्वयंपाकघरात आई तेव्हा घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घ्यायची, जोरजोरात. मी दोन आवाजांच्या मध्ये उभी असायची. मला कोणी कधी बोटही लावलं नाही.

मग मी पहाटे उठायला लागले. सगळे झोपलेले असताना पुढच्या पाटीवर खडूने अक्षरं आखून ठेवायची, इतकी चिंचोळी की शेवटच्याला जागा उरलीच पाहिजे. पातळ काढून चालायचं नाही, बाबांना ठसठशीत लागायचं, रस्त्यापलीकडून वाचता आलं पाहिजे. मग दांडा जाडच ठेवायचा आणि पोट दाबायचं. दाबत दाबत न्यायचं, अगदी फटीएवढं, पण मिटू द्यायचं नाही. दादा उठून काही न बोलता माझ्या खडूवरून ब्रश फिरवायचा. पाट्या बसायला लागल्या. आठवडेच्या आठवडे “वळ” ऐकू आलं नाही. मला वाटलं, झालं, सुटलो. एके दिवशी बाबांनी माझी बाही पाहिली, खडूने पांढरी झालेली. मला जवळ घेतलं, मोठ्याने हसले, चांगला ब्रश काढून माझ्या हातात दिला, म्हणाले, “हात आहे पोरीला.” आणि मग दादाकडे वळून तेच, “वळ.” त्या दिवशी त्यांनी काठी मोडेपर्यंत मारलं. दुसरी केली ती अजून आहे.

तीच अक्षरं मी जन्मभर काढत आले. खडू गेला, कागद आला, मग कॉम्प्युटरचा पडदा आला, मी शिकले, बाहेर पडले, वातानुकूलित खोलीत बसून एकेका वळणाला नाक मुरडू लागले, पण अक्षर तेच. मध्यंतरी आमच्या ऑफिसात ते सगळ्यांना दाखवलं तेव्हा काय काय म्हणाले लोक! दमदार. राकट. छाती काढून उभं राहणारं. एका सहकाऱ्याने तर टेबलावर मूठ आपटून दाखवली, म्हणे असं वाटतं बघा, मैदान मारून आलंय. मी मान डोलावली. आवडलं होतं मला ते ऐकायला. बसमध्ये ते आठवलं आणि अंगाचा तिळपापड झाला, का ते तेव्हा कळलं नाही. शेजारच्या बाईने विचारलं, बरं नाही का वाटत? मी म्हटलं, माझा थांबा आला. तो आला नव्हता. मी एक थांबा आधी उतरून पळत गेले.

वर्कशॉपात जळलेल्या धातूचा वास होता आणि मशिन बंद होतं. कामगार नव्हते. आमच्याकडच्या कामगारांना अशा वेळी बरोबर एकदम चहाची तल्लफ येते. दादा टेबलाशी उभा होता आणि मला बघून त्याने हात हलवला, बोलू नकोस. भिंतीवर लांब शिडी आडवी टांगलेली, तिच्याखाली खुर्ची, खुर्चीत बाबा. आता दिसत नाही त्यांना फारसं, नुसत्या सावल्या. पण कान तिखट आहेत. काठी गुडघ्यांवर. हल्ली ती फक्त दादाच्या पोटरीवर बसते, येता-जाता, सवयीने, आणि दादा “हो बाबा” म्हणून पुढे जातो. वहिनी पाहुण्यांना हे गंमत म्हणून सांगते, आणि पाहुणे हसतात.

“कोण? पोरगी?” बाबा म्हणाले. “आज कामावर नाही गेलीस?”

“शिडी हवीये, बाबा.”

“कशाला?”

“काही नाही बाबा,” दादा घाईघाईने म्हणाला, “गाद्यावाल्याचं एक अक्षर जरा ढिलं झालंय, मी आपलं म्हटलं—”

“पडलं,” मी म्हटलं. “एका माणसाची दोन बोटं तुटली.”

बाबांनी मान तिरकी केली. काठीवर बोटं फिरली. “कुठलं पडलं?”

“ते महत्त्वाचं आहे का आता?”

“कुठलं?”

“शेवटचं,” दादा म्हणाला.

बाबा हसायला लागले. त्यांना खरंच हसू आलं होतं, खोकला लागेपर्यंत हसले. “शेवटचं! म्हातारा व्हायला आला, अजून याचं शेवटचं अक्षर काही धड होत नाही.”

“बाबा, अक्षरं माझी आहेत,” मी म्हटलं. “जाड प्लेट मी सांगितली. अक्षर वितीत मावतं पण वजन चाराचं आहे, हे मला कळायला हवं होतं.”

“तुझा काय संबंध? तू कागदावर काढतेस. भिंतीवर लावलं कोणी?”

“मी लावलं,” दादा म्हणाला. “दोनाचं म्हणून दोन लावल्या. तो कायदा तर तुम्हीच...” एवढं बोलून तो थांबला. ‘तुम्हीच’ हा शब्द त्याच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. त्यालाही तो ऐकू गेला असावा.

“मीच काय?”

“काही नाही.”

“वळ,” बाबा म्हणाले.

तो शब्द त्या खोलीत कित्येक वर्षांत उच्चारला गेला नव्हता. मला वाटलं दादा हसेल. काहीतरी बोलेल, निदान पाठ फिरवून निघून जाईल. त्याने चष्मा काढला. काड्या मिटल्या, मशिनवर काच वर येईल असा नीट ठेवला. आणि वळला. हात अंगाला चिकटवले, पोट आत ओढलं, श्वास धरला, पाय रोवले. खांद्यांपासून टाचांपर्यंत तो उभा जाड दांडा झाला, मध्ये कुठे जागा नाही, टोकाला जमिनीत रुतलेले पाय. मी ते अक्षर ओळखलं. बेसावध माणसाला आरशात स्वतःचा चेहरा दिसावा तसं ते माझ्या अंगावर आलं. जन्मभर मी हेच काढत आले होते. मार बसायच्या आधीचा दादा. त्याचा धरलेला श्वास मी मापून मापून काढला होता, त्याच्या पोटाची फट किती ठेवायची यावर लोकांशी वाद घातले होते, आणि लोक म्हणत होते दमदार, मैदान मारून आलंय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा खुर्चीतून अर्धे उठले, काठी वर गेली, आणि मी ती वरच्या वर धरली.

“सोड,” ते म्हणाले.

मी सोडली नाही. त्या म्हाताऱ्या मुठीत अजून काय जोर होता! मी ओढलं, त्यांनी ओढलं, त्यांची नखं माझ्या मनगटात रुतली, माझं सालटं निघालं, खुर्ची मागे आपटली आणि शिडी भिंतीवर खडखडली. मी त्यांच्या छातीवर कोपर दिलं आणि काठी सुटून माझ्या हातात आली. ते खुर्चीत कोसळले. इथे थांबता आलं असतं. दार उघडं होतं, काठी रस्त्यावर भिरकावता आली असती, गुडघ्यावर मोडता आली असती. मी ती फिरवून धरली. चिंध्यांचा गोळा मुठीत आला, मऊ, घामट, आणि लाकूड मोकळं झालं. ही काठी कशी धरायची हे मला कोणी शिकवलं नव्हतं, हाताला माहीत होतं. मला बाबांना मारायचं होतं. घाबरवायचं नव्हतं, धडा शिकवायचा नव्हता, मारायचं होतं. ते डोळे बारीक करून सावल्यांमध्ये मला शोधत होते, आणि त्यांचं ते शोधणं बघून माझा हात आणखी वर गेला.

काठी हवेतून येते तेव्हा तिचा एक आवाज होतो. दादाने आमच्याकडे पाठ केली होती, त्याला काही दिसत नव्हतं, पण तो आवाज त्याच्याइतका कोणाला ओळखू येणार? तो डोळे मिटूनच मागे वळला आणि बाबांच्या अंगावर ओणवा झाला. काठी त्याच्या पाठीवर बसली, आडवी, पूर्ण.

“चुकलो,” दादा म्हणाला.

कोणी मारलं हे त्याने पाहिलंसुद्धा नाही. शब्द आपोआप आला. मग त्याला त्याच्या पोटाखाली बाबांचे दोन्ही हात रिकामे दिसले. त्याने खांद्यावरून मागे पाहिलं. चष्मा नव्हता, त्यामुळे त्याचे डोळे उघडे पडल्यासारखे, लहान दिसत होते. मी काठी धरून उभी होते.

“कोणी मारलं?” त्याच्या खालून बाबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात भीती होती. मी ती कधीही ऐकली नव्हती आणि ती ऐकून मला बरं वाटलं नाही.

“कोणी नाही, बाबा,” दादा म्हणाला. तो उठला, चष्मा लावला, खुर्चीला दोन्ही हातांनी धरून बाबांसकट ती उचलली आणि कपाट सरकवावं तशी भिंतीपासून दूर नेऊन ठेवली. बाबा खुर्चीचे हात घट्ट धरून बसून राहिले. दादाने शिडी खाली उतरवली. “ती टाक इकडे,” तो मला म्हणाला, “आणि मागचं टोक धर.” मी काठी टेबलावर ठेवली. हाताला गोळ्याचा ओलसरपणा राहिला होता, तो मी साडीला पुसला.

टेम्पोत एकदा मी “दादा” म्हटलं, त्यावर तो म्हणाला, “पाना घेतलास ना मोठा?” मी हो म्हटलं. त्याने पाठ सीटला टेकवली नव्हती. सगळा रस्ता तो पुढे वाकून गाडी चालवत होता.

दुकानापाशी कोणीतरी फुटपाथवर माती टाकली होती. पडलेलं अक्षर भिंतीला टेकवून ठेवलं होतं, आणि ती उशी अजून दारातच होती. दादा आधी दुकानदाराकडे गेला. “पाटी मी लावलीये,” तो म्हणाला, “पिना कमी पडल्या, चूक माझी आहे. त्या माणसाला कुठे नेलंय?” मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, “अक्षरं मी काढलीत.” दुकानदाराने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. विक्रेती मुलगी म्हणाली, एक बोट जोडतायत, दुसऱ्याचं काही सांगता येत नाही. तिने हॉस्पिटलचं नाव सांगितलं. दादा म्हणाला, “हे उतरवलं की आम्ही तिकडेच जातो.” आणि शिडीवर चढला.

तो वरून एकेक अक्षर सोडवायचा, मी शिडीच्या खालच्या पायरीवर उभी राहून घ्यायची. ती अशी हातात घेतली नव्हती मी कधी. पडद्यावर बोटाने सरकवली होती. प्रत्येक अक्षर छातीशी धरून खाली उतरावं लागत होतं, आणि त्यांचे पाय माझ्या दंडात घुसत होते. काहींच्या पिना बोटाने ओढल्या तरी हातात येत होत्या. दादा पिना खिशात टाकत होता. माणसं थांबून बघत होती, आता मात्र लांबून.

शेवटी पहिलं अक्षर राहिलं. ते सगळ्यात घट्ट बसलं होतं. दोन्ही हात डोक्यावर नेऊन दादा पाना फिरवत होता, आणि त्याचा शर्ट पँटमधून सुटून वर सरकला. ऊन सरळ त्याच्या पाठीवर होतं. जुन्या पांढरट वळांवरून गेलेली एक नवी लाल रेघ होती. सरळ होती. दोन्ही टोकांना सारखी जाड, कडा स्वच्छ, मध्ये कुठेही हात थरथरल्याची खूण नाही. एवढं सगळं मी आधी पाहिलं, आणि मग मला कळलं मी काय बघतेय. शिडी हलली.

“धर नीट,” दादा वरून म्हणाला. “सोडतोय. जड आहे.”

“सोड,” मी म्हटलं. “धरलंय.”